वरची तबकडी

तुकडा १ : वाचला

डिस्कच्या पोटात कापूस होता.

मैत्रेयी भगतचे हात जागीच थांबले. काचेच्या पेटीत गाळलेली हवा संथ फिरत होती. त्या हवेत एक पांढरा तंतू आरशासारख्या तबकडीवरून उठायचा आणि परत बसायचा. मेलेल्या हार्ड डिस्कांतून लोकांचं हरवलेलं काढून द्यायचं दुकान यवतमाळात तिचं एकटीचं. पाण्यात पडलेल्या, विजेनं जळलेल्या, नवऱ्यानं रागात भिंतीवर आपटलेल्या डिस्का तिनं पाहिल्या होत्या. कापूस खाल्लेली ही पहिली.

तंतूंच्या खाली ओरखडे होते, मधून कडेकडे आणि कडेकडून मधे. कुणी रान उभं-आडवं वखरावं तसे.

पेटीपलीकडं बाकावर सुखीबाई बसली होती. दारव्हा रोडवरच्या तांड्यातून आलेली, पदर दोन्ही मुठींत घट्ट. शेजारी थोरला मुलगा अमरसिंग. धाकटा जीवन तुरुंगात होता, आणि त्याच्यासाठीच हे सगळं चाललं होतं.

लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये उन्हाळ्याच्या तोंडाला आग लागली. सरकी काढलेल्या रुईच्या ढिगावर बसून घाण कापूस वेचणारी प्रभावती जळून मेली. जीवन तिथला चौकीदार. जिनात कुणी बिडी-काडी आत नेत नाही. सगळं फाटकावर चौकीदाराकडं ठेवायचं आणि घरी जाताना परत घ्यायचं. म्हणजे त्या दुपारी अख्ख्या आवारातल्या काडीपेट्या एकट्या जीवनजवळ. पोलिसांना आणखी काय पाहिजे? पोरानं कबूलही करून टाकलं. ढिगाजवळ बिडी ओढली, विझवली असं वाटत होतं, पण विझली नसणार.

कॅमेऱ्यांची डिस्क सरकारी प्रयोगशाळेनं 'वाचता येत नाही' म्हणून परत पाठवली. सुखीबाई वकिलाच्या दारातून उठेना, तेव्हा वकिलानं कोर्टाची परवानगी काढून ती मैत्रेयीकडं दिली.

"निघन का वो बाई?" सुखीबाईनं विचारलं. "त्यानं केलं असन तं केलं. पर मले पाहू द्या. माह्यं पोरगं मी डोळ्यानं पाह्यल्याबिगर खुनी म्हनत नाई."

"याडी, मशीन हाय थे," अमरसिंग आईला म्हणाला. "मेली तं मेली. ताईले कायले तरास देतं?"

मैत्रेयीनं हातमोजे उतरवले.

"मेली नाही," ती म्हणाली. "मारली. कोणीतरी उघडून मारली हिला."

सुखीबाईनं तिच्याकडं पाहिलं. अमरसिंगनं डिस्ककडं.

तुकडा २ : वाचला

"या मॅडम, या! आमची जळकी जत्रा पाहाले आल्या?"

जिनचा मॅनेजर नागोराव खुर्चीतून उठला नाही. खिडकीबाहेर रुईघराचे पत्रे काळे पडून वाकले होते. मशिनी मात्र चालू होत्या. कापसाचं म्हणाल तर नुसती नावाला आवक. गुलाबी बोंडअळीनं त्या साली बोंडं आतून पोखरली होती. हाती येत होता तो शेवटचा, कचऱ्या-खड्यांचा फरदड.

"अळीनं अर्धा जिल्हा खाल्ला," नागोराव म्हणाला. "मी मिल चालवून राह्यलो, थे उपकार समजा. डिस्कचं काय घेऊन बसल्या? कापूस गेला तिच्यात. इथं माणसाच्या छातीत जाते, डबड्यात नाई जाणार?"

"नाही जात. डिस्कला श्वासापुरतं एक भोक असतं आणि त्याच्या आत गाळणी असते. झाकण काढल्याशिवाय तंतू आत शिरत नाही."

"मंग पोलिसांनी काढलं असन."

"पोलिसांचं सील शाबूत होतं. प्रयोगशाळेनं नुसती लावून पाहिली, उघडली नाही. म्हणजे जे झालं ते पोलिसांच्या आधी."

नागोराव हसायचा थांबला. आग दुपारची. पोलिसांनी डिस्क नेली दुसऱ्या सकाळी. मधल्या वेळात ती याच ऑफिसात होती.

"किल्ल्या कोणाकडं असतात?"

"एक माह्याजवळ. एक रामधन फिटरजवळ, थो आवारातच राहते. अन् एक अमरसिंगजवळ, कॅम्प्युटर अन् कॅमेरे थोच पाहते. पर त्याले सोडा. सख्ख्या भावाच्या सुटकेची वस्तू कोण फोडते?"

हे पटण्यासारखं होतं. मैत्रेयी उठली.

"अन् जाता जाता रामधनले इचारा," मागून नागोराव म्हणाला, "आगीच्या हप्त्यात मशीनची जाळी त्यानं काढून कुठं ठेवलती."

तुकडा ३ : वाचला

रामधनची खोली आवाराच्या टोकाला, एका उंच सावरीखाली. झाडाची बोंडं उकलली होती आणि अंगणभर पांढरा भुरका उडत होता. रामधन उंबऱ्यावर बसून पाना घासत होता. जाळीचं नाव काढताच त्याचा हात थांबला.

"त्यानंच सांगतलं तुमाले? वा रे पठ्ठ्या!" तो थुंकला. "जाळी खडे अडवते. फरदडीत निस्ते खडे. घडीघडी तुंबे, घडीघडी मशीन बंद. मॅनेजर म्हने, काढ थे. काढली. मी कोन नाई म्हननारा?"

"जाळी नसली तर?"

"खडा मशीनमधी जाते. ठिणगी पडते. पडली का पाइपातून रुईसंगं मांगं, ढिगावर. अन् रुई कशी हाय बाई, ते भडकत नाई लवकर. पोटात धरून ठेवते. धुमसत राहते. वरून पाहाल तं पांढरीफेक."

"हे पोलिसांना सांगितलं?"

रामधननं खोलीकडं बोट केलं. दारात दोन पोरी उभ्या होत्या. "खोली मिलची हाय," तो म्हणाला. "तुमी लय शिकल्या असान, पर इतकं तं समजतच असन."

समजत होतं. आता दोघं झाले. एकानं जाळी काढायला लावली आणि एकानं काढली. डिस्क फुटलेलीच बरी, असं दोघांनाही वाटणार.

बोलता बोलता बाहीवर बसलेला भुरका तिनं बोटांत घेतला. कापूस वेचणाऱ्या घरात वाढलेल्या कुणाचीही बोटं करतील तेच तिच्या बोटांनी केलं. पीळ दिला. पीळ बसेना. तंतू रेशमासारखा निसटून गेला.

"सावर हाय थे," रामधन म्हणाला. "तिचा धागा होत नाई. उशीत भरतात निस्ती."

दुकानात परतल्याबरोबर मैत्रेयीनं चिमट्यानं डिस्कमधला एक तंतू उचलला आणि बोटांत फिरवला.

निसटला. पुन्हा फिरवला. पुन्हा निसटला.

डिस्कच्या पोटात कापूस नव्हता.

तुकडा ४ : वाचता येत नाही

— — —

तुकडा ५ : वाचला

रामधनच. दुसरं कोण? झाड त्याच्या दारात, किल्ली त्याच्या खिशात. मैत्रेयीनं वकिलाला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिची एक खोड होती. उत्तर फार लवकर आलं की ती पुन्हा भिंग घेऊन बसायची.

झाडावरून उडालेल्या सावरीचे तंतू लांब होते, अधूनमधून काळं बी धरलेले. डिस्कमधले तोकडे, चेचलेले. बी एकही नाही. ही सावर झाडावरून आलेली नव्हती. ती कुणीतरी झोडपून, साफ करून घेतलेली होती. आणि त्या तंतूंत अडकलेला एक बारीक निळा दोरा.

ओरखडेही तिनं नीट पाहिले. फिटरच्या पेचकसाचे ते नव्हते. ते खोल आणि टोकदार होते, जाड सुईनं कोरावं तसे. आणि ते फक्त वरच्या तबकडीवर होते.

या डिस्कमध्ये तबकड्या दोन. एकीखाली एक, मधे नखाएवढी फट. वरून पाहणाऱ्याला एकच दिसते. ज्यानं कुणी हे केलं त्यानं आरसा खरडला, झाकण लावलं आणि निघून गेला. खाली दुसरा आरसा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

मैत्रेयीनं तंतू काढले, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे वाचणारे हेड काढून हिला बसवले, वरचं हेड कापून टाकलं. डिस्क फिरली. कण्हली, पण फिरली. वरच्या भागातलं कायमचं गेलं होतं. बाकीचं तुकड्या-तुकड्यानं संगणकात उतरू लागलं.

ते उतरत असतानाच सुखीबाई आली. डोक्यावर गाठोडं, मागं अमरसिंग.

"दारव्ह्याचा बाजार करून सिद्दी इकडंच आलो," ती म्हणाली आणि गाठोड्यातून एक उशी काढून मैत्रेयीच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. वाकून वाकून मान दुखत असन तुमची. इकल्या नाई सगळ्या. लोकायले आता फोमच्या पाह्यजेत."

उशीची खोळ निळ्या पट्ट्यांची होती.

मैत्रेयीनं ती दाबून पाहिली. मऊ. आत तंतू सरकले. ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच भरता, मावशी?"

"मंग कोन? सावर झोडपतो, भरतो, शिवतो."

"शिवता कशानं?"

"दाभनानं. एक लय चांगलं होतं, त्याचं टोकच मोडलं. माह्या हातानं नाई मोडलं बरं, थे तं..."

सुखीबाई थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसती आठवण आली. मग हळूहळू बाकीचं आलं. ती मुलाकडं वळली.

"अमऱ्या. आगीच्या दिवशी तू नेलतं थे. काहून नेलतं?"

तुकडा ४ : उशिरा वाचला

"काहून म्हंजे?" अमरसिंग म्हणाला. "तुह्या पोरासाठी!"

मग तो बाकावर बसला. बोलला तेव्हा मैत्रेयीकडं न पाहता बोलला.

"आग इझली. पोलीस जीवनले घेऊन गेले. मी ऑफिसात गेलतो अन् कॅमेरा लावून पाह्यला. जीवन ढिगाजवळ येते. बिडी पेटवते. प्रभावतीमावशी काईतरी म्हन्ते, थो हासते. तिथंच बंद केलं मी."

"पुढचं?"

"पुढं मावशी जळते, ताई! थे पाहू? तिच्या घरची भाकर खाऊन मोठा झालो मी."

मैत्रेयीनं फिरत्या डिस्ककडं बोट केलं.

"डिस्क काढली, डब्यात घातली, घरी नेली. याडी उशा भरून राह्यलती. घरभर सावर. दाभन मांगतलं, तिनं देल्लं. पहाटे नेऊन परत बसवली."

"नुसतं पुसलं का नाही?"

"पुसलेलं तुमच्यासारखे काढतात. मले माहीत हाय ना."

"आणि जीवनला सांगितलं?"

"कोठडीत. कानात." त्याचा आवाज जरा ताठ झाला, आपण काही बरं केलं असं अजून वाटत असल्यासारखा. "म्हटलं, मी पाह्यलं, मी मिटवलं. तू घाबरू नको."

मैत्रेयीनं खुर्ची त्याच्याकडं फिरवली.

"त्याला आठवत नव्हतं, अमरसिंग. बिडी विझवली असं त्याला वाटत होतं. मग सख्खा भाऊ येऊन म्हणाला, मी पाहिलं. कोणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार तो? त्यानंतरच त्यानं कबूल केलं ना?"

अमरसिंगनं आईकडं पाहिलं.

"जिनात कॅमेरे किती?"

"चार."

"तू पाहिले किती?"

"फाटकाकडचा. जीवन तिथंच राहते म्हून."

मागं संगणकानं बारीकशी घंटी वाजवली. उतरायचं तेवढं उतरलं होतं.

तुकडा ६ : जेवढा वाचला तेवढा

रुईघराच्या मागचा कॅमेरा. पाइपाचं तोंड. रुई पडते आहे, बर्फासारखी. ढिगाच्या बुडाशी, पाइपाच्या अगदी खाली, एक करडी रेघ. कोळ्याचं जाळं असावं तशी. ती हलते. वर चढते. धूर

— फाटलं —

फाटकाचा कॅमेरा. कोपऱ्यातलं घड्याळ तीच वेळ दाखवतं. जीवन फाटकाशी स्टुलावर. पुढ्यात काडीपेट्यांचा डबा, झाकण लावलेलं. तो जांभई देतो. ढीग मागं दिसतो, त्याच्यापासून लांब

— फाटलं —

मागचा कॅमेरा. नागोराव. कमरेवर हात. करड्या रेघेकडं पाहतो. ओलं पोतं आणून रेघेवर टाकतो, पायानं दाबतो. मशीनकडं पाहतो. रुई पडतेच आहे. बंद करा असा हात तो करत नाही. ढिगाला वळसा घालून जातो, ढिगाच्या माथ्याकडं बोट करून काही बोलतो. प्रभावती पदर खोचून ढिगावर चढ

— फाटलं —

फाटक. घड्याळ बरंच पुढं गेलेलं. जीवन ढिगाजवळ, तोंडात बिडी. वरून प्रभावती हात उगारते, मारायचं नाटक करते. तो हसतो

— फाटलं —

फाटक. जीवन पाण्याच्या टाकीशी. बिडी पाण्यात बुडवतो. बोटानं दाबून पाहतो. खिशात घालतो

— फाटलं —

फाटक. चित्र निम्मं पांढरं. जीवन पळतो. पळत आत जातो, धुरात. दिसत नाही. दिसत नाही. दिसत नाही. बाहेर येतो. हातात लुगड्याचं टोक आहे. नुसतं टोक

— पुढं काही नाही —

तुकडा ७ : वाचला

सुखीबाईनं पडद्यावरचा मुलगा पाहिला. पडदा काळा झाल्यावरही ती पाहत राहिली.

"पाण्यात इझवली रे त्यानं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही.

अमरसिंग भिंतीला टेकून उभा होता. धूर आधी, बिडी नंतर. मागचा कॅमेराही लावून पाहिला असता तर. नागोरावच्या टाळक्यात पुराव्याचा विचार आला असेल तेव्हा तो ऑफिसात गेला असेल, डिस्क लागत नाही हे पाहून निवांत झाला असेल. त्याला काही फोडायची गरजच पडली नाही. त्याचं काम परस्पर झालं होतं.

"आता सुटन ना?" सुखीबाईनं विचारलं.

"सुटेल," मैत्रेयी म्हणाली. "पण मला कोर्टाला लिहून द्यायचं आहे की ही डिस्क कोणी उघडली आणि कशी. ते कोरं ठेवलं तर मिलचा वकील म्हणेल, या बाईनंच दुकानात फोडली आणि चित्रं हवी तशी जुळवली. मग जीवनचं काही उरणार नाही. नाव लिहावं लागेल."

"ज्याचं लिवान त्याले काय होईन?"

"पुरावा मोडला म्हणून आत घेतील."

पंखा फिरत होता. सुखीबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"माह्यं लिवा. घर माह्यं, दाभन माह्यं. मी फोडली."

"याडी..."

"तू गप ऱ्हा. तुले लेकरं हायेत."

अमरसिंग पुन्हा भिंतीला टेकला. मैत्रेयीला त्याचा राग आला.

तिनं कपाटातून एक जुनी मेलेली डिस्क काढली, छोटा पेचकस काढला आणि दोन्ही सुखीबाईपुढं ठेवलं.

"कोर्टात विचारतील, मावशी. कशी उघडली, दाखवा."

सुखीबाईनं पेचकस लाटण्यासारखा धरला. पहिला स्क्रू सटकला. दुसऱ्याशी ती झोंबली, घामाघूम झाली, पण निघाला. मग बाकीचे. आयुष्यभर दाभण चालवलेला हात, त्याला जोर काही कमी नव्हता. सगळे स्क्रू टेबलावर आले. तिनं झाकण धरून ओढलं.

झाकण हललं नाही.

तिनं नखं घातली. मुठीनं ठोकलं. डिस्क मांडीत दाबून ओढली. वर पाहिलं नाही, थांबलीही नाही. नख मोडलं आणि झाकणावर रक्ताचा बारीक डाग उमटला.

अमरसिंगनं तिच्या हातातून पेचकस काढून घेतला. अंगठ्यानं वरच्या कागदी लेबलावर एक जागा चाचपली, दाबली, टोचली.

"एक इथं खाली राहते," तो म्हणाला.

झाकण निघालं. आतली तबकडी दिव्याखाली लख्ख चमकली आणि तिच्यात दोघांचे चेहरे दिसले.

मैत्रेयीनं अहवाल पडद्यावर उघडला, ती ओळ दाखवली आणि कीबोर्ड त्याच्याकडं सरकवला. जिनात सगळ्यात वेगानं टाइप करणारा माणूस एका बोटानं एकेक अक्षर दाबत गेला.

"काय लिवलं?" सुखीबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"माह्यं नाव, याडी."

"अन् जीवनचं?"

"त्याचं निघालं."

सुखीबाई उठली. त्याच्या मागं जाऊन तिनं त्याच्या पाठीत सगळ्या ताकदीनं एक गुद्दा घातला. मग मूठ उघडली, आणि हात तिथंच राहू दिला.